तिचा पहिला वाढदिवस, तिच्याच हिशेबानं

पत्र

ताई, नमस्कार. आम्ही बेळगावात वडगावला राहतो. आमचे हे उद्यमबागेत फाउंड्रीत आहेत, मी शहापुरात एका सोसायटीत हिशेब बघते. आमची मुलगी येत्या 27 नोव्हेंबरला वर्षाची होईल. डॉक्टरांनी दिलेली तारीख 10 जानेवारी होती, पण ती दीड महिना आधीच झाली. 1 किलो 900 ग्रॅमची होती, काही दिवस काचेच्या पेटीत ठेवली होती. त्या गडबडीत असेल किंवा मुलगी झाली म्हणून असेल, घरात कुणी कुणाचं तोंड गोड केलं नाही. ह्यांच्या मनाला ते फार लागलंय. म्हणून आता हॉल घ्यायचा, तीनशे पानं उठवायची, डीजे लावायचा असं ठरवलंय. सोसायटीतून दीड लाख कर्ज काढायलाही तयार आहेत.

मला मात्र त्या दिवसाची धास्ती वाटते. ती अजून चालत नाही. बसते, रांगते, दिवाण धरून उभी राहते, कडेकडेनं दोन पावलं टाकते, एवढंच. वजन 7 किलो 600. जावेचा मुलगा दहाव्या महिन्यात चालला होता. सासूबाई म्हणतात वॉकर आणा, वाढदिवसापर्यंत चालायला लागेल. बोलणंही 'बाबाबा', 'दादादा' एवढंच. मी कामावर असते तेव्हा शेजारच्या कन्नड अज्जी तिला सांभाळतात. अज्जी 'बा' (म्हणजे 'ये') म्हणाल्या की हात पुढे करते, आम्ही 'पंखा कुठाय' म्हटलं की वर बघते. पण सासूबाईंचं म्हणणं, 'दोन भाषा कानावर पडतात म्हणून पोरगी बोलंना झालीय, तिकडं ठेवू नको, मी घरी मोबाईलवर मराठी गाणी लावून बसते.'

गेल्या वर्षी दिवाळीआधी मी ऑफिसात उशिरापर्यंत बसत होते. त्यानंच ती लवकर झाली का, हे मनातून जात नाही. शेवटचं म्हणजे, केक कापावा की नुसतं औक्षण करावं, यावरूनही घरात दोन तट पडलेत. काय करू?

— वडगावची एक आई

उत्तर

ताई,

तुमच्या पत्रात तुम्ही जाता जाता लिहिलेलं एक वाक्य आहे, ते मी सगळ्यांच्या आधी हातात घेते: 'ती दीड महिना आधीच झाली.' तुमच्या निम्म्या काळजीचं उत्तर त्यातच आहे, आणि दवाखान्यातून घरी येताना ते तुम्हाला कुणी नीट समजावून सांगितलेलं दिसत नाही.

37 आठवडे पूर्ण व्हायच्या आत जन्मलेल्या बाळाचं वय दोन प्रकारे मोजतात. एक जन्मतारखेपासून. दुसरं, ज्या तारखेला ते यायचं होतं तिथपासून, याला दुरुस्त वय म्हणतात. बालरोगतज्ज्ञ अशा मुलांची वाढ, बसणं, रांगणं, चालणं, बोलणं हे सगळं दोन वर्षांपर्यंत या दुसऱ्या वयानं बघतात. कारण साधं आहे. पोटात मेंदूची आणि स्नायूंची जी वाढ व्हायची राहिली, ती बाहेर येऊन व्हावी लागते, आणि बाहेर आलं म्हणून ती घाईनं होत नाही. तुमची लेक 10 जानेवारीला यायची होती. म्हणजे 27 नोव्हेंबरला दाखल्यावर ती वर्षाची असेल, पण वाढीच्या हिशेबानं साडेदहा महिन्यांची. आज, तुम्ही हे वाचताय तेव्हा, साडेनऊ-दहाच्या आसपास.

आता तिच्याकडं पुन्हा बघा. साडेनऊ महिन्यांची मुलगी आधाराशिवाय बसते, रांगते, धरून उभी राहते आणि कडेकडेनं पावलं टाकते. यात मागं पडण्यासारखं मला काही दिसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं वेळेवर जन्मलेल्या, चांगल्या पोसलेल्या मुलांचा मोठा अभ्यास केला होता, त्यात आपल्या देशातलीही मुलं होती. त्यात असं दिसलं की एकटं चालायला कुणी सव्वाआठ महिन्यांत लागतं, तर कुणाला साडेसतरा महिने लागतात, आणि दोन्ही मुलं अगदी निरोगी असतात. आधारानं चालण्याची मुदतही जवळजवळ पावणेचौदा महिन्यांपर्यंत जाते. काही मुलं तर हातागुडघ्यांवर रांगतच नाहीत, बसल्या बसल्या सरकतात आणि एक दिवस सरळ उभी राहतात. तुमच्या जावेचा मुलगा दहाव्या महिन्यात चालला, छान झालं. पण तो या रांगेच्या पुढच्या टोकाला होता. त्याच्या शेजारी तुमच्या मुलीला उभं करून मोजायचं कारण नाही, आणि सासूबाईंनाही हे सांगा, पण तारीख कागदावर लिहून, शांतपणे. बोटं मोजून दाखवली की आपल्याकडच्या आज्यांना हिशेब लगेच पटतो.

वजनाचंही तसंच. 1 किलो 900 वरून 7 किलो 600, म्हणजे जन्माच्या चौपट. वेळेवर झालेली बाळं वर्षाला साधारण तिप्पट होतात. तिच्या दुरुस्त वयाला हे वजन मधल्या आकड्याच्या थोडं खाली आहे, पण चांगल्या पट्ट्यात आहे. अंगणवाडीत दर महिन्याला वजन करून घेता ना? तायी कार्डावरच्या (आई-बाळाच्या नोंदींच्या कार्डावरच्या) तक्त्यात ठिपके जोडले की रेघ वर चाललीय का, तेवढं बघायचं. एका महिन्याच्या आकड्यानं घाबरायचं नाही. रेघ दोन-तीन महिने आडवी राहिली तर मात्र विचारायचं.

फक्त लसींच्या बाबतीत हा दुरुस्त हिशेब चालत नाही. लस जन्मतारखेप्रमाणेच घ्यायची. नऊ महिन्यांचा गोवर-रुबेलाचा डोस झालाच असेल, पुढचा 16 महिने पूर्ण झाल्यावर, त्याच सुमाराला ट्रिपलचा बूस्टरही. अनेक आया इथं गोंधळतात आणि लस दीड महिना पुढं ढकलतात. तसं करू नका.

काही गोष्टींवर लक्ष ठेवायला सांगते, घाबरवण्यासाठी नव्हे. पाय ताठ राहतात का, लंगोट बदलताना कात्रीसारखे एकमेकांवर येतात का, एकच हात वापरून दुसऱ्या हाताची मूठ मिटलेलीच ठेवते का, नावानं हाक मारली तर वळत नाही का, येत असलेली गोष्ट करायची सोडून दिली का. यातलं एक जरी दिसलं तरी वाढदिवसाची वाट न बघता डॉक्टरांना दाखवा. तिच्या हिशेबानं वर्ष झालं आणि धरूनही उभी राहत नसेल, किंवा दीड वर्ष झालं आणि एकटी चालत नसेल, तरी दाखवा. तुमच्या पत्रात यातलं काहीच नाही, उलट ती वेळेत उभी राहिलीय. तरीही पेटीत राहिलेल्या बाळाची फाइल एकदा काढा. वजन दोन किलोच्या आत असलेल्या बाळांच्या डोळ्यांच्या पडद्याची तपासणी पहिल्या महिन्यात करायची असते, कानांचीही. त्या दोन नोंदी आहेत का बघा. नसतील तर आता करून घ्या. लोहाचं औषध किती दिवस द्यायचं तेही विचारा, कारण लोहाचा साठा बाळाला शेवटच्या दोन-तीन महिन्यांतच मिळतो, आणि तुमच्या लेकीचा त्यातला दीड महिना बुडाला. आशाताई बारा आणि पंधरा महिन्यांना घरी येतात, त्यांनाही दोन्ही तारखा सांगून ठेवा.

वॉकर आणू नका. बसायची जागा असलेल्या, चाकांच्या वॉकरनं मूल लवकर चालत नाही. त्यात ते पायाच्या बोटांवर ढकलत राहतं, स्वतःचा तोल सांभाळायची वेळच येत नाही, आणि जिन्यावरून कोसळणं, चुलीपर्यंत किंवा गरम चहापर्यंत पोचणं असे अपघात होतात. कॅनडात 2004 पासून याच्या विक्रीवरच बंदी आहे. सासूबाईंचा हौसेचा मुद्दा असेल तर त्यांना त्यांच्या लहानपणीचा पांगुळगाडा आठवत असेल. तो वेगळा. तिथं मूल स्वतः उभं राहतं आणि गाडा ढकलतं. ती कडेकडेनं सहज फिरायला लागली की सुताराकडून जरा जड, बेताच्या वेगानं सरकणारा करून घ्या, आणि कुणीतरी मागं असू दे. तोवर फरशीवर अनवाणी सोडा. खडेबाजारातून आणलेले ते पिवळे पीं-पीं वाजणारे बूट घरात नकोत, तळव्याला जमीन लागायला हवी.

आता बोलण्याचं, आणि अज्जींचं.

ताई, 'बाबाबा', 'दादादा' हे साडेनऊ महिन्यांच्या मुलीचं बोलणंच आहे. पहिला अर्थाचा शब्द बरीच मुलं वर्षाच्या आगेमागे काढतात, काहींना आणखी चार महिने लागतात. या वयात तोंडातून काय येतं यापेक्षा कानातून आत काय गेलंय ते बघायचं असतं. आणि तुम्हीच लिहिलंय: अज्जी 'बा' म्हणाल्या की हात पुढे करते, तुम्ही पंख्याचं विचारलं की वर बघते. तिला दोन भाषा कळायला लागल्यात आणि कुणाशी कुठली हेही कळायला लागलंय. दोन भाषांत वाढणारी मुलं उशिरा बोलतात ही समजूत आपल्या सीमाभागात घरोघर आहे, पण ती खरी नाही. अशी मुलंही पहिला शब्द त्याच वयात काढतात. फक्त त्यांचे शब्द दोन भाषांत विभागलेले असतात, म्हणून मोजताना दोन्हीकडचे मिळून मोजायचे. उद्या तिनं दुधाला 'हालु' म्हटलं आणि चिमणीला 'चिऊ' म्हटलं तर ते दोन शब्द झाले. पुढं एकाच वाक्यात मराठी-कन्नड मिसळेल, तेही दोन-तीन वर्षांत आपोआप वेगळं होतं. बेळगावातल्या कितीतरी घरांत हे पिढ्यान्‌पिढ्या झालंय, तुमच्या सासूबाईंच्या स्वतःच्या बोलण्यात किती कन्नड आहे हे कधी ऐकून बघा. त्या मराठीच आहेत, त्यात कुठं काही कमी झालं?

सासूबाईंची काळजी मला कळते. इथं मराठी टिकावी म्हणून एका पिढीनं खूप सोसलंय. 1956 पासून घरात, शाळेत, ऑफिसात त्याचे चटके बसलेत. सीमेचा दावा 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे. नातीच्या तोंडातून पहिला शब्द मराठी यावा असं आजीला वाटणं हे त्या सगळ्यातून आलंय, आणि त्याला मान दिला पाहिजे. पण त्यावर उपाय म्हणून शेजारच्या अज्जींना बाजूला सारायचं आणि मोबाईल समोर धरायचा, हे चुकीचं होईल. मराठी टिकते ती घरातल्या माणसांच्या तोंडून. जागतिक आरोग्य संघटना वर्षाच्या आतल्या बाळाला पडदा मुळीच दाखवू नका म्हणते, आणि दुसऱ्या वर्षातही टाळाच म्हणते. मोबाईल गातो, पण बाळानं 'बाबा' म्हटल्यावर तो थांबत नाही, हसत नाही, उत्तर देत नाही. अज्जी देतात. बाळ भाषा शिकतं ती उत्तर देणाऱ्या माणसाकडून.

म्हणून काम उलटं वाटून घ्या. सासूबाईंना सांगा, 'आई, मराठी तुमच्याकडून.' अंघोळ घालताना, भात भरवताना, संध्याकाळी दिवा लावताना त्यांनी तिच्याशी बोलायचं, काऊ-चिऊची गोष्ट सांगायची, ओव्या म्हणायच्या, प्रत्येक वेळी तिच्या तोंडाकडं बघून आणि ती काही म्हणेल म्हणून थांबून. अज्जी त्यांच्या कागी-गुब्बीच्या गोष्टी सांगतील. तीच चिमणी, तोच कावळा. आज ना उद्या कर्नाटकातल्या शाळेत कन्नड शिकायचीच आहे तिला, ती इतक्या मायेच्या माणसाकडून आधीच येतेय तर येऊ द्या. कामाला जाणाऱ्या आईला विश्वासानं मूल सोपवता येईल असं शेजारी दार असणं हे आज फार मोठं भाग्य आहे. ते दुखवू नका.

वर्षाच्या आसपास, तिच्या हिशेबानं, ती बोट दाखवायला लागेल. हवं ते दाखवेल, आणि नुसतं 'बघ' म्हणूनही दाखवेल. टाटा करेल. ही बोट दाखवण्याची गोष्ट चालण्यापेक्षा मला जास्त मोलाची वाटते, आणि वाढदिवसाला मात्र कुणी त्याबद्दल विचारत नाही. सोळा महिने होऊन एकही अर्थाचा शब्द नसेल, बोट दाखवत नसेल, बडबडच थांबली असेल, तर कुठलीही भाषा असो, आधी कान तपासून घ्या.

ती लवकर का झाली, या तुमच्या प्रश्नावर मला स्पष्ट बोलू द्या. जगात दर दहा बाळांमागं साधारण एक बाळ वेळेआधी जन्मतं. काही वेळा आईचा रक्तदाब वाढलेला असतो, काही वेळा जंतुसंसर्ग असतो, जुळं असतं, आणि बऱ्याच वेळा डॉक्टरांनाही कारण सापडत नाही. ऑफिसात खुर्चीवर बसून हिशेब लिहिल्यानं ती लवकर झाली असं म्हणायला आधार नाही. दिवाळीपर्यंत कामावर जाणाऱ्या आणि नऊ महिने भरून बाळंत होणाऱ्या बायका तुमच्याच सोसायटीत असतील. हा दोष तुम्ही वर्षभर एकटीनं वागवलाय, नवऱ्यालाही सांगितला नसेल. आज रात्री सांगा. आणि पुढच्या वेळी दिवस राहतील तेव्हा आधीचं बाळ लवकर झालं होतं हे पहिल्याच भेटीत डॉक्टरांना सांगा. त्या माहितीचा उपयोग तेवढाच, आणि तो महत्त्वाचा आहे. झोप लागत नसेल, रडू येत असेल, लेकीजवळ असूनही मन लागत नसेल, तर तेही डॉक्टरांपुढं बोला. पेटीबाहेर दिवस काढलेल्या आयांना हे वर्षभरानंही होतं, आणि त्यावर उपचार आहेत.

आता तुमच्या मिस्टरांबद्दल. पत्र वाचताना मला त्यांचा राग आला नाही, त्यांचं कौतुक वाटलं. मुलगी झाली आणि कुणी तोंड गोड केलं नाही, ही गोष्ट एक बाप वर्षभर मनात ठेवतो आणि आता सगळ्या बेळगावाला ओरडून सांगायचं म्हणतो, माझ्या लेकीचा वाढदिवस आहे. त्यांच्या हॉलला 'नको' म्हणायच्या आधी हे त्यांना म्हणा. 'तुम्हाला जे लागलं ते मलाही लागलंय' हे एकदा त्यांच्या कानावर पडू दे. मग पैशाचं बोला.

तुळशीची लग्नं झाली की आपल्याकडं लग्नांची घाई सुरू होते, हॉल आणि आचारी दोन्ही महाग. त्यात दीड लाखाचं कर्ज, आणि त्याचा हप्ता दर महिन्याला लेकीच्या दुधातून, औषधातून जाणार. तुम्ही सोसायटीतच काम करता, अशा हप्त्यांची थकलेली खाती तुमच्या वहीतच असतील. तीनशेतली बहुतेक माणसं जेवून जातील. जी चार माणसं तेव्हा गप्प राहिली, ती डीजे ऐकूनही गप्पच राहतील.

आणि जिच्यासाठी हे चाललंय तिचं काय? या वयात मुलं अनोळखी तोंडं बघून आईला चिकटतात. ते वाढीचंच लक्षण आहे, वाईट सवय नव्हे. बंद हॉलमध्ये डीजेचा दणका, रात्री आठला केक, एका हातातून दुसऱ्या हातात जाणं, तीनशे माणसांचे गालगुच्चे आणि मुके. नोव्हेंबर संपताना आपल्याकडं गारठा पडतो, घराघरात सर्दी-खोकला असतो, आणि लवकर झालेल्या बाळांची छाती पहिली एक-दोन वर्षं जपावी लागते. फ्लूच्या लसीबद्दल डॉक्टरांना आताच विचारा. माझ्या डोळ्यांसमोर येतं ते असं की ती रडून रडून दमेल, तुम्ही तिला घेऊन कोपऱ्यात बसाल, आणि समारंभ तुमच्याशिवायच होईल.

माझं सुचवणं असं आहे. तिच्या दोन तारखा आहेत, तर दोन्ही साजऱ्या करा.

27 नोव्हेंबरला घरात. सकाळी ती झोपून उठली, पोटभर प्यायली, की दहाच्या सुमाराला. माहेरची, सासरची जवळची माणसं, अज्जी आणि त्यांच्या घरचे, पेटीतल्या दिवसांत ज्यांनी डबा पोचवला, रिक्षा आणली, ती माणसं. पंचवीस-तीस पानं. पाट, रांगोळी, पाच जणींनी औक्षण. त्यात पहिलं औक्षण सासूबाईंनी करावं, ही विनंती तुमच्या मिस्टरांनी स्वतः करावी. आणि पेढे. जे तेव्हा वाटायचे राहिले ते त्या दिवशी वाटा, बापानं स्वतः गल्लीत दारोदार जाऊन, किंवा आपल्या बेळगावचा कुंदा वाटा. 'मुलगी झाली, तिचे पेढे राहिले होते' असं म्हणून हातावर ठेवले की तीनशे पानांना जे जमणार नाही ते होईल. दुपारच्या झोपेआधी सगळं आटपू द्या.

दुसरी तारीख 10 जानेवारी, आणि लगेच 14-15 ला संक्रांत. तिच्या हिशेबानं ती तेव्हा खरी वर्षाची होते, आणि पहिलं बोरन्हाणही तेव्हाच येतं. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कुठल्याही दिवशी करता येतं. काळं झबलं, हलव्याचे दागिने, गल्लीतली सगळी पोरं बोलवा, मिस्टरांना गर्दी हवीय ना, ही गर्दी तिला आवडेल, कारण ती तिच्या उंचीची असते. खर्च बोरं, चुरमुरे, उसाचे करवे आणि तिळगुळाचा. कन्नड घरांतही संक्रांतीला लहान मुलांच्या डोक्यावरून बोरं घालतात, त्यामुळं अज्जींना काही समजवावं लागणार नाही. तोवर सहा आठवडे गेलेले असतील. ती कदाचित चालत असेल, कदाचित नसेल, पण लोकांच्या नजरेची धास्ती तोवर बरीच उतरलेली असेल. बोरं, शेंगदाणे, हलवा मात्र तिच्या तोंडाशी जाऊ देऊ नका. डोक्यावरून ओतलं की लगेच उचलून घ्या, बाकीच्या पोरांना वेचू द्या. घशात अडकायला एक हलव्याचा दाणा पुरतो.

आणि हप्ता भरायचाच आहे तर तिच्या नावावर भरा. पोस्टात सुकन्या समृद्धी खातं उघडता येतं. मुलगी दहा वर्षांची व्हायच्या आत, जन्मदाखला घेऊन जायचं. वर्षाला कमीत कमी 250 रुपये, जास्तीत जास्त दीड लाख. पैसे पंधरा वर्षं भरायचे, खातं उघडल्यापासून एकवीस वर्षांनी पूर्ण होतं, आणि अठरा झाली की शिक्षणासाठी काही रक्कम काढता येते. वाढदिवसाच्या दिवशी त्या पासबुकाला कुंकू लावून ते तिच्या पाटासमोर ठेवा. माझ्या मते, मुलगी झाल्याचा आनंद जाहीर करायचा याहून चांगला मार्ग तुमच्या मिस्टरांना मिळणार नाही, आणि पाहुण्यांतल्या दोन-चार बापांना ते बघून सुचलं तर बरंच.

कुणी विचारलंच, 'अजून चालंना व्हय?' तर उत्तर तयार ठेवा, आणि ते तुमच्या मिस्टरांनी द्यावं: 'ती दीड महिना लवकर आली, तिच्या हिशेबानं साडेदहा महिन्यांची आहे, सगळं वेळेवर चाललंय.' एकदा बापानं ठामपणे सांगितलं की दुसऱ्यांदा कुणी विचारत नाही.

जेवणाचं थोडक्यात. पाहुण्यांसाठी काहीही करा. तिच्यासाठी मऊ वरणभात, तूप, उकडलेलं अंडं चालत असेल तर तेही, पिकलं केळं, खानापूरकडची नाचणी मिळाली तर तिची पेज. वर्षाच्या आत मध अजिबात नको, कुणी आजीबाई बोटाला लावून आल्या तरी हात जोडून नाही म्हणा. त्यात कधी कधी असे जंतू असतात की लहान बाळाच्या आतड्यात ते विष तयार करतात. चहाही नको. दोन वर्षांपर्यंत साखर-मीठ जितकं टाळाल तितकं बरं. तुमचं दूध चालू असेल तर चालूच ठेवा. वर्षानंतर वरचं दूध उकळून द्यायला हरकत नाही, पण दिवसाला अर्ध्या लिटरच्या आत. दुधानंच पोट भरलं की जेवण सुटतं आणि रक्त कमी होतं. काजळाची तीट लावायची हौस असेल तर तळपायाला लावा, डोळ्यात नको, बाजारच्या काजळात शिसं सापडलंय.

जावळ तुमच्याकडं मुलींचंही काढत असतील आणि देवाला जायचं असेल, तर त्याला वेगळा दिवस ठेवा. मामाच्या मांडीवर बसून वस्तरा लावून घेणं आणि वाढदिवस, दोन्ही एका दिवशी तिला झेपणार नाही. वस्तऱ्याचं पातं नवं असावं.

राहिला केक. कापा. सासूबाईंचं औक्षण आधी, मग केक, म्हणजे दोन्ही बाजूंचं समाधान होईल. घरीच रव्याचा, केळं आणि थोडा गूळ घालून केलात तर तिला चिमूटभर चाखवता येईल, दुकानातला आणलात तर तो बाकीच्यांना. फटाक्यासारख्या उडणाऱ्या मेणबत्त्या, फेसाचे फवारे आणू नका. फुगे लावायचे तर उंचावर लावा, फुटलेल्या फुग्याचा तुकडा मूल गिळतं. आणि औक्षणाच्या तबकातली सुपारी, अंगठी आणि निरांजन तिच्या हाताच्या टप्प्याबाहेर असू दे. दिवाण धरून उभी राहते म्हणता, म्हणजे तिचा हात आता कुठंही पोचतो.